सही खरी, करार खोटा: लिस्बनच्या नोटरीपासून हेगच्या चौकटीपर्यंत

१/
लिस्बन, १९२४ ची अखेर. अठ्ठावीस वर्षांच्या एका तरुणाने आपल्याजवळचे एक करारपत्र नोटरीकडून प्रमाणित करून घेतले. त्यानंतर ब्रिटन, जर्मनी आणि फ्रान्स या तीन देशांच्या वकिलातींनीही त्यावर आपापले शिक्के उमटवले. पुढच्या वर्षभरात या एका कागदाच्या बळावर पोर्तुगालमध्ये पाचशे एस्कुदोंच्या लाखो नोटा आल्या. त्या नोटा देशाच्या मध्यवर्ती बँकेने कधीच मागवलेल्या नव्हत्या.

२/
तीन वकिलातींनी नेमके काय प्रमाणित केले होते? करार खरा आहे, असे त्यांपैकी एकीनेही म्हटले नव्हते. कागदावरची नोटरीची सही त्या नोटरीचीच आहे आणि तो मनुष्य खरोखरीच नोटरी आहे, इतकीच ग्वाही त्यांनी दिली होती. सही खरी होती, शिक्का खरा होता, नोटरीही खरा होता. खोटा होता तो फक्त करार.

३/
हा घोटाळा समजण्यासाठी आधी एक जुना पेच समजून घ्यावा लागतो. पुण्याच्या मामलेदाराची सही पुण्यात ओळखीची असते. हॅम्बुर्गच्या न्यायाधीशाने ती कशी ओळखावी? परक्या राज्याचा अधिकारी, परकी मुद्रा, बहुधा परकी लिपी. म्हणून एक साखळी तयार झाली. स्थानिक अधिकाऱ्याच्या सहीची ओळख वरिष्ठ पटवतो, वरिष्ठाच्या सहीची ओळख राज्याचे खाते, खात्याच्या सहीची परराष्ट्र मंत्रालय आणि मंत्रालयाच्या सहीची ओळख ज्या देशात कागद जायचा त्या देशाचा वकील पटवतो. या प्रक्रियेला वैधीकरण म्हणतात. साखळीतला प्रत्येक जण केवळ आपल्या आधीच्या सहीकडे पाहतो. मूळ मजकूर वाचण्याची जबाबदारी त्यांपैकी कोणावरही नसते.

४/
ही साखळी आधुनिक नोकरशाहीची निर्मिती नव्हे. मध्ययुगीन युरोपातला नोटरी कागदाच्या शेवटी स्वतःचे असे एक हाताने काढलेले चिन्ह घालीत असे. शहराच्या वेशीपर्यंत तेवढे पुरे. कागद त्यापलीकडे जायचा झाला, तर हा मनुष्य खरोखरीच नोटरी असल्याची ग्वाही शहराची किंवा बिशपची मुद्रा देई. पोपच्या अधिकाराने नेमलेल्या नोटरीला मात्र अवघ्या ख्रिस्ती पश्चिम युरोपात मान होता, कारण त्याच्या पाठीशी असलेली सत्ता सर्वांना ठाऊक होती.

५/
इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने रोमशी संबंध तोडले, तेव्हा १५३३ च्या कायद्याने नोटरी नेमण्याचा पोपचा अधिकार कँटरबरीच्या आर्चबिशपकडे गेला. त्याच्या वतीने ‘मास्टर ऑफ द फॅकल्टीज’ हा अधिकारी नेमणुका करू लागला. ब्रिटिश अमलात मुंबई-कलकत्त्याच्या नोटरींच्या नेमणुकाही याच अधिकाऱ्याकडून होत. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे ती व्यवस्था टिकून होती. १९५२ चा नोटरी कायदा आला तो ती बदलण्यासाठीच. फोर्टातल्या कचेरीत बसलेल्या नोटरीची अधिकारपरंपरा आठव्या हेन्रीच्या आणि पोपच्या भांडणापर्यंत जाऊन पोहोचत होती, ही गोष्ट फारशा कोणाच्या लक्षात नसते.

६/
मराठी दफ्तरालाही हा धोका पुरेपूर माहीत होता. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि अखेरीस मोर्तब, ही रीत शोभेसाठी नव्हती. मोर्तबामुळे मजकूर इथे संपला हे निश्चित होई आणि खाली कोणाला नवी ओळ घुसडता येत नसे. कागदाचे तुकडे चिकटवून लांब पत्र केले असेल, तर जोडावर मागून शिक्का उमटवीत, म्हणजे मधला तुकडा बदलणे कठीण होई. निरनिराळ्या कचेऱ्यांतून पत्राची नोंद झाल्याचे शेरे निराळेच. येथे मुद्रा मजकुराचे रक्षण करीत होती. युरोपातल्या वैधीकरणाच्या साखळीत ती फक्त माणसाची ओळख सांगत होती. लिस्बनच्या तरुणाने हा फरक अचूक हेरला होता.

७/
त्याचे नाव आर्तूर व्हिर्जिलियू आल्व्हेस रेइस. जन्म १८९६. विसाव्या वर्षी तो नशीब काढायला अँगोलात गेला, तो ऑक्सफर्डची पदविका घेऊन. त्या पदविकेनुसार तो भूगर्भशास्त्र, भूमिती, धातुशास्त्र, विद्युत अभियांत्रिकी अशा कितीतरी विषयांत पारंगत होता. पदविका देणारी ‘पॉलिटेक्निक’ शाळा ऑक्सफर्डमध्ये अस्तित्वातच नव्हती. सगळा मजकूर त्याने स्वतःच तयार केला होता. मात्र कागदावर नोटरीचा शिक्का होता. तो पाहून वसाहतीच्या सरकारने त्याला अभियंता म्हणून कामावर घेतले. आश्चर्य म्हणजे त्याने रेल्वेचे काम बऱ्यापैकी निभावलेही.

८/
पुढे एका कंपनीच्या पैशांच्या अफरातफरीबद्दल १९२४ मध्ये त्याला पोर्तोच्या तुरुंगात जावे लागले. मोठी योजना आखली गेली ती तिथेच. बँक ऑफ पोर्तुगाल नोटा स्वतः छापीत नाही, बाहेरून छापून घेते, हे त्याने हेरले होते. मग छापणाऱ्याला बँकेच्या नावाने हुकूम गेला तर? खोट्या नोटा छापायच्याच नाहीत. खऱ्या छापखान्यातून, खऱ्या ठशांवरून, खऱ्या कागदावर खऱ्याच नोटा छापून घ्यायच्या, फक्त मागणी खोटी करायची. बनावट नोटांच्या इतिहासात ही कल्पना जवळजवळ एकमेवाद्वितीय आहे.

९/
त्यासाठी हवा होता एक करार: अँगोलाची आर्थिक घडी बसवण्यासाठी परदेशी भांडवलदारांचा एक गट दहा लाख पौंड कर्ज देणार आणि त्या बदल्यात त्या गटाला अँगोलासाठी नोटा छापून घेण्याचा हक्क मिळणार. रेइसने काल्पनिक करार तयार केला, नोटरीकडून तो प्रमाणित करून घेतला आणि नंतर वकिलातींचे शिक्के मिळवले. त्याचे फ्रेंच भाषांतर झाले, बँकेच्या अधिकाऱ्यांच्या बनावट सह्याही त्याला जोडल्या गेल्या. शिक्क्यांनी भरलेल्या त्या कागदाकडे पाहताना आता मूळ प्रश्न विचारायचे कोणालाच सुचत नव्हते.

१०/
साथीदारही साजेसे मिळाले. कारेल मारांग हा डच व्यापारी, हेनीस हा जर्मन, आणि जोझे बांदेइरा. या जोझेचा भाऊ अंतोनियू बांदेइरा हा पोर्तुगालचा राजदूत होता, आणि तो होता हेगमध्ये. राजदूताच्या भावाचा परिचय आणि राजनैतिक सवलतींचा आडोसा या मंडळींच्या चांगलाच उपयोगी पडला. पुढे ज्या शहरात वैधीकरणाची साखळी तोडणारा करार झाला, त्याच शहरातून या साखळीची सर्वांत मोठी फसवणूक चालवली गेली, हा निव्वळ योगायोग. पण असे योगायोग इतिहासात थोडेच सापडतात.

११/
मारांग लंडनला वॉटरलो अँड सन्स या नामांकित छापखान्यात गेला. सर विल्यम वॉटरलो यांना सांगण्यात आले, की प्रकरण राजकीयदृष्ट्या नाजूक आहे, तेव्हा पत्रव्यवहार मारांगच्याच हातून व्हावा. नव्या नोटांवर जुन्याच नोटांचे क्रमांक येणार होते. त्याचेही उत्तर तयार होते: नोटा आफ्रिकेत गेल्यावर त्यांवर ‘अँगोला’ हा शब्द छापला जाईल, मग गोंधळ कसला? सर विल्यमना ते पटले.

१२/
एक शंका मात्र लंडनमध्येच यायला हवी होती. पोर्तुगालच्या वसाहतींत नोटा काढण्याचा हक्क बँक ऑफ पोर्तुगालकडे नव्हताच. तो बांको नासिओनाल उल्त्रामारीनू या दुसऱ्याच बँकेकडे होता. गोव्यात चालणाऱ्या रुपियाच्या नोटाही हीच बँक काढीत असे. पणजीच्या बाजारात कोणत्याही दुकानदाराने नोटेवरचे नाव वाचून हे सांगितले असते. परंतु शिक्के इतके होते, की करार मुळात संभवतो का, याकडे कोणी पाहिलेच नाही.

१३/
१९२५ च्या आरंभी नोटा यायला लागल्या. पाचशे एस्कुदोंच्या त्या नोटेवर वास्को द गामाची प्रतिमा होती. पहिली मागणी दोन लाख नोटांची, म्हणजे दहा कोटी एस्कुदोंची. नंतरच्या मागणीसह एकूण आकडा ५,८०,००० नोटांवर गेला. रेइसने ‘बांको अँगोला ई मेत्रोपोल’ ही स्वतःची बँक काढली, वाडा विकत घेतला आणि तो दुसऱ्या खेळीकडे वळला: बँक ऑफ पोर्तुगालचे भागच विकत घ्यायचे. ती बँक भागधारकांची होती. बहुमत हाती आले असते, तर फसवल्या गेलेल्या बँकेचा मालकच फसवणारा झाला असता आणि चौकशीचा आदेश द्यायला कोणी उरलेच नसते.

१४/
‘उ सेक्युलू’ या दैनिकाने या नव्या बँकेकडे एवढा पैसा येतो कुठून, असे विचारायला सुरुवात केली. डिसेंबर १९२५ मध्ये पोर्तोच्या शाखेवर तपासणी झाली. तज्ज्ञांनी नोटा तपासून त्या खऱ्या असल्याचा निर्वाळा दिला, आणि तो चूकही नव्हता. शेवटी नोटांचे क्रमांक जुळवायला घेतल्यावर एकाच क्रमांकाच्या दोन नोटा समोरासमोर आल्या. त्याच सुमारास अँगोलाहून परतणाऱ्या रेइसला जहाजावरच अटक झाली.

१५/
बँक ऑफ पोर्तुगालने पाचशेच्या नोटा चलनातून मागे घेतल्या, आणि खऱ्या-खोट्याचा भेद करणे अशक्य असल्याने दोन्ही बदलून दिल्या. मग तिने वॉटरलोवर लंडनमध्ये दावा लावला. नुकसान किती? छापखान्याचे म्हणणे, कागद आणि शाई यांचा खर्च तेवढा. बँकेचे म्हणणे, नोटेवर लिहिलेली रक्कम. १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने बहुमताने बँकेची बाजू मान्य केली आणि ६,१०,३९२ पौंडांची भरपाई ठरवली. लंडनचे लॉर्ड मेयरपद भूषवलेले सर विल्यम त्याआधीच, १९३१ मध्ये, निवर्तले होते. नोटेची किंमत म्हणजे काय, या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञ या खटल्याचा दाखला अजूनही देतात.

१६/
पोर्तुगालचे पहिले प्रजासत्ताक आधीच खिळखिळे झाले होते. २८ मे १९२६ रोजी लष्कराने सत्ता घेतली. नोटांचे प्रकरण हे त्याचे एकमेव कारण नव्हते, मुख्यही म्हणता येणार नाही. पण राज्यकर्त्यांवरचा उरलासुरला विश्वास त्याने नक्कीच घालवला. १९२८ मध्ये या लष्करी राजवटीने अर्थमंत्रिपदावर एका प्राध्यापकाला आणले: अंतोनियू सालाझार. गोवा सोडण्यास अखेरपर्यंत नकार देणारा तो हाच. रेइसला १९३० मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. १९४५ मध्ये तो सुटला आणि १९५५ मध्ये वारला.

१७/
इथपर्यंत साखळीचा दुबळेपणा दिसला. तिचा जाच मात्र बहुतांशी प्रामाणिक माणसालाच सोसावा लागला. १९३८-३९ मध्ये जर्मनीतून अमेरिकेत जाऊ पाहणाऱ्या ज्यू कुटुंबांना व्हिसाच्या अर्जाच्या पाच प्रती, जन्मदाखल्याच्या दोन प्रती, अमेरिकेतील हमीदारांची नोटरी केलेली शपथपत्रे आणि त्यांच्या करविवरणाची प्रमाणित प्रत, एवढे सारे जमवावे लागे. त्यात आणखी एक दाखला असे, वर्तणूक चांगली असल्याचा, आणि तो द्यायचा जर्मन पोलिसांनी. ज्यांच्यापासून पळायचे, त्यांचीच सही मिळवायची. एका कागदाची मुदत संपेपर्यंत दुसरा मिळत नसे. कित्येकांच्या नशिबी हा फेरा कधी संपलाच नाही.

१८/
१९५१ च्या निर्वासितविषयक करारातील पंचविसाव्या कलमामागे हाच अनुभव आहे. ज्याला आपल्या देशाच्या अधिकाऱ्यांकडे जाता येत नाही, त्याला आश्रय देणाऱ्या देशाने दाखले द्यावेत आणि ते मूळ देशाच्या दाखल्यांच्या जागी चालावेत, असे ते कलम सांगते. पण हे झाले निर्वासितांपुरते. सामान्य वारस, विधवा, विद्यार्थी, व्यापारी यांना पाच-पाच कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्याच लागत होत्या.

१९/
त्यांच्यासाठी उपाय निघाला हेगमध्ये. टोबियास आसर या डच कायदेपंडिताच्या पुढाकाराने १८९३ पासून तेथे खासगी आंतरराष्ट्रीय कायद्याची परिषद भरत होती. आसर यांना १९११ मध्ये शांततेचे नोबेलही मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने युरोप परिषदेत वैधीकरणाचा प्रश्न मांडला आणि तो हेगच्या परिषदेकडे सोपवला गेला. ५ ऑक्टोबर १९६१ रोजी करार स्वाक्षरीसाठी खुला झाला. २४ जानेवारी १९६५ पासून तो अमलात आला.

२०/
कराराने साखळीच्या जागी एकच कडी ठेवली: अपोस्तिल. हा फ्रेंच शब्द समासातल्या टिपेसाठी वापरला जाई. मराठी कचेरीच्या भाषेत त्याला ‘शेरा’ म्हणता येईल. किमान नऊ सेंटिमीटर बाजूचा चौरस, त्यात क्रमांक घातलेल्या दहा बाबी: देश, सही करणाऱ्याचे नाव, त्याचा हुद्दा, कोणाचा शिक्का, ठिकाण, तारीख, प्रमाणित करणारा अधिकारी, अनुक्रमांक, त्याचा शिक्का आणि त्याची सही. बाकी मजकूर त्या देशाच्या भाषेत चालतो, मात्र मथळा फ्रेंचमध्येच हवा, म्हणजे भाषा न येणाऱ्या कारकुनालाही तो ओळखता येतो.

२१/
या करारातला खरा शहाणपणा सातव्या कलमात आहे. दिलेल्या प्रत्येक अपोस्तिलची नोंद ठेवलीच पाहिजे, आणि कोणी विचारले तर ती पडताळून दिली पाहिजे. कागदावरच्या शिक्क्याकडे टक लावून पाहण्याऐवजी तो देणाऱ्यालाच विचारायचे. रेइसचे बिंग शेवटी क्रमांक जुळवूनच फुटले होते, हे येथे आठवते. मजकुराची हमी मात्र अपोस्तिलही देत नाही. ऑक्सफर्डच्या नसलेल्या शाळेच्या पदविकेवर नोटरीचा खरा शिक्का असेल, तर त्या शिक्क्याला आजही अपोस्तिल मिळू शकते.

२२/
भारत या करारात आला तो बराच उशिरा. २६ ऑक्टोबर २००४ रोजी त्याने मान्यतापत्र दाखल केले आणि १४ जुलै २००५ पासून करार भारताला लागू झाला. तोवर महाराष्ट्रातला दाखला मंत्रालयातून दिल्लीला आणि दिल्लीतून संबंधित देशाच्या वकिलातीत जाई. नव्या सदस्याबद्दल हरकत घेण्याची मुभा जुन्या सदस्यांना आहे. जर्मनीने ती घेतली, त्यामुळे त्या दोन देशांत करार लागू झाला नाही. आखातातले चित्र आणखी गुंतागुंतीचे. ओमान आणि बहरीन करारात आले, सौदी अरेबिया २०२२ मध्ये आला. तोपर्यंतची कित्येक दशके रत्नागिरीचा फिटर किंवा मालेगावचा ड्रायव्हर वकिलातीच्या शिक्क्यासाठी दलालाला पैसे मोजतच होता.

२३/
हेगचा करार खुला झाल्यानंतर पंचाहत्तराव्या दिवशी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला. भारत आणि पोर्तुगाल यांचे राजनैतिक संबंध त्याआधीच तुटले होते. ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले आणि संबंध पूर्ववत झाले. मधल्या काळात गोव्यातल्या कागदाला लिस्बनसाठी शिक्का मारायला वकीलच नव्हता, आणि लिस्बनच्या कागदाला गोव्यासाठी.

२४/
१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीव येथे जन्मलेल्यांना पोर्तुगालचा कायदा आपले नागरिक मानतो. त्यांच्या अपत्यांना आणि काही अटींवर नातवंडांनाही तो दावा सांगता येतो. त्यासाठी जन्माची नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती निबंधक कार्यालयात व्हावी लागते, आणि तेथे गोव्याच्या निबंधकाच्या दाखल्यावर अपोस्तिल हवे असते. पणाला लागते ते मोठे आहे: भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, १९५५ च्या कायद्यानुसार स्वेच्छेने परके नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व जाते.

२५/
आणि येथे तो जुना पेच नव्या रूपात भेटतो. आजोबांचे नाव पोर्तुगीज दफ्तरात पोर्तुगीज वळणाने लिहिलेले: केशवच्या आरंभी क्यू आणि यू, मधल्या ‘श’साठी एक्स. नाईक या आडनावाच्या शेवटी क्यू-यू-ई. कामत तेथे ‘कामोतीं’ होतात, शेणवी ‘सिनाय’. नातवाच्या शाळेच्या दाखल्यावर आणि पासपोर्टवर मात्र इंग्रजी वळणाचे नाव. दोन्ही कागद खरे, दोन्हींवरची अपोस्तिल खरी. पण या दोन नावांचा मनुष्य एकाच घराण्यातला आहे का, यासाठी त्या चौरसातल्या दहा बाबींत जागा नाही.

२६/
म्हणून मग ‘हे दोन्ही एकच’ असे सांगणारे शपथपत्र करावे लागते. ते नोटरीपुढे होते, राज्याच्या खात्याकडून साक्षांकित होते आणि मग त्याच्यावरही अपोस्तिल घ्यावे लागते.